सावधान म्हणण्याआधीचा महिना

"दुसरं लग्न आहे, घरच्या घरी उरकून घ्या," आई फोनवर म्हणाली. ती काळजीनं म्हणाली होती, हे मला कळत होतं. तरी 'उरकून' हा शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना. माझं पहिलं लग्न मिरजेत चारशे पानांचं झालं होतं. त्या चारशे माणसांतल्या एकानंही मला विचारलं नव्हतं की बाई, तुला हे हवंय ना. पुढे काय झालं ते इथे लिहिणार नाही. निकाल लागला, कागद हातात आला आणि मी मेलबर्नला आले, एवढं पुरे.

यावेळी मला लग्न उरकायचं नव्हतं, नीट करायचं होतं.

माझा होणारा नवरा इथलाच. त्याचे आजी-आजोबा इटलीहून बोटीनं आले होते. त्याच्या आईच्या कॅथलिक चर्चमध्ये घटस्फोटितेचं लग्न सहजासहजी लागत नाही, आणि त्यासाठी पहिलं लग्न झालंच नव्हतं असं चर्चकडून ठरवून घ्यायची माझी तयारी नव्हती. ते झालं होतं. आमच्या बाजूनं म्हणाल तर एका गुरुजींशी बोलले. ते प्रेमानं बोलले, पण कन्यादानाशिवाय विधी कसा बसवायचा हे त्यांना सुचेना. मी एकोणचाळीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर अकरा वर्षं घर चालवलेलं. माझं दान करावं असं बाबांनाही वाटत नव्हतं. ते म्हणाले, "तुझ्या वस्तूचा ताबा माझ्याकडे नाही, मग मी दान कसलं करू?" बाबा आयुष्यभर दस्तलेखक होते. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहीत. त्यांचं बोलणं अजून त्याच भाषेत असतं. या लग्नात त्यांची ती भाषा किती कामाला येणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

असे आम्ही सेलिब्रंटकडे पोहोचलो.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. ऑस्ट्रेलियात लग्न लावण्याचा अधिकार कायद्यानं ठरावीक माणसांनाच आहे. त्यात धर्मगुरू आहेत, सरकारी नोंदणी कचेरीतले अधिकारी आहेत आणि सिव्हिल सेलिब्रंट आहेत. सेलिब्रंट म्हणजे सरकारनं नोंदवलेली, त्यासाठीचं शिक्षण घेतलेली साधी नागरिक व्यक्ती. ती तुम्ही म्हणाल तिथे येऊन, तुम्हाला हव्या त्या पद्धतीनं लग्न लावते आणि ते लग्न कायद्यानं पक्कं असतं. १९७३ सालापूर्वी हे नव्हतं. तेव्हा एक तर चर्चमध्ये जा, नाही तर नोंदणी कचेरीत चार भिंतींत सह्या करून या. त्या वर्षी ॲटर्नी जनरल, म्हणजे इथले कायदामंत्री, लायोनेल मर्फी यांनी पहिल्या सिव्हिल सेलिब्रंटची नेमणूक केली, लोइस डार्सी नावाच्या एका तरुण बाईंची. घटस्फोट झालेल्यांना, वेगवेगळ्या धर्मांतल्या जोडप्यांना, देव न मानणाऱ्यांनाही साजरं लग्न करता यावं, अशी त्यामागची भूमिका. आज इथली बहुतेक लग्नं सेलिब्रंटच लावतात. मर्फींनी हे केलं नसतं, तर माझ्यासारखीला कचेरीत जाऊन उरकूनच यावं लागलं असतं. त्यांचं नाव मी मनापासून घेते.

एक गोष्ट आपल्या लोकांना आवर्जून सांगावीशी वाटते. देवळात लग्न लागलं म्हणजे कायद्यानं लागलं, असं धरून चालू नका. इथल्या काही पुरोहितांना लग्न लावण्याचा अधिकार आहे, काहींना नाही. ॲटर्नी जनरलच्या खात्याच्या वेबसाइटवर अधिकृत माणसांची यादी आहे. त्यात नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

आमच्या सेलिब्रंटबाई साठीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. पहिल्याच भेटीत त्यांनी फुलं, खुर्च्या, गाणी यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी एक फॉर्म पुढे ठेवला. 'नोटीस ऑफ इंटेंडेड मॅरेज', म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत याची लेखी सूचना. इथे सगळे त्याला 'नॉयम' म्हणतात. हा फॉर्म लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हातात पडावाच लागतो आणि अठरा महिन्यांपेक्षा जुना झालेला चालत नाही. एक दिवस जरी कमी पडला तरी सेलिब्रंट स्वतःच्या मनानं सूट देऊ शकत नाही. आमचं लग्न २२ फेब्रुवारी २०२५ ला ठरलं होतं, कारण बाग त्या शनिवारी मोकळी होती आणि आई-बाबांची तिकिटं त्या सुमाराची स्वस्त मिळाली. नॉयम आम्ही नोव्हेंबरमध्येच भरला.

फॉर्म भरायला पंधरा मिनिटं लागतील असं वाटलं होतं. माझी अख्खी संध्याकाळ गेली.

जन्माचा आणि ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरला. अडलं ते घटस्फोटापाशी. आधी लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा कागद सेलिब्रंटला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावाच लागतो. माझ्याकडे निकालाची सर्टिफाइड नक्कल होती. पण त्यावर माझं सासरचं नाव, आणि पासपोर्टवर माहेरचं. या दोन बायका एकच, हे दाखवणारा तिसरा कागद हवा होता. नाव परत बदलताना राजपत्रात छापून आलेली नोंद बाबांनी सात वर्षांपूर्वी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली होती, "कधी लागेल सांगता येत नाही" म्हणून. ती पिशवी सुटकेसच्या तळाशी मिळाली. ज्यांचं दुसरं लग्न आहे त्यांनी हॉल बघायच्या आधी हे कागद बघावेत. भारतातल्या कोर्टातून नक्कल मागवायला वेळ लागतो, आणि त्या एका कागदावाचून तारीख पुढे ढकलावी लागू शकते.

पुढचा रकाना आई-वडिलांचा. आताचं पूर्ण नाव आणि जन्माच्या वेळचं पूर्ण नाव. बाबांचं दोन्हीकडे एकच. आईच्या आताच्या नावापर्यंत मी भरभर लिहीत आले. जन्माच्या नावापाशी पेन थांबलं. आडनाव माहीत होतं, मामाचं तेच. पण पहिलं नाव? आईचं नाव लग्नात बदललं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहून. हे मला लहानपणापासून माहीत होतं. जुनं काय होतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

फोन केला. तिकडे दुपार होती. आईला वाटलं मी चेष्टा करतेय. मग ती म्हणाली, "ऑस्ट्रेलियाच्या सरकारला माझं माहेरचं नाव कशाला हवंय?" मी म्हटलं, फॉर्मवर आहे. थोडा वेळ नुसती फोडणीची चरचर ऐकू येत होती. गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि तिनं नाव सांगितलं. आधी नाव, मग तिच्या वडिलांचं नाव, मग आडनाव, शाळेत हजेरी देतात तसं. एकेचाळीस वर्षांत कुणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती. तिच्या आईनंही नाही, कारण लग्नानंतर माहेरीही नवीनच नाव चालू झालं. ते नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. फॉर्मवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलं, दोनदा तपासून.

लग्नानंतर माझं नाव बदलायचं नाही हे आधीच ठरलं होतं. इथे कायदा तसा आग्रह धरतही नाही. पण त्या फोननंतर ते ठरवणं माझ्यासाठी आणखी घट्ट झालं.

जानेवारीत सेलिब्रंटबाईंनी आम्हाला दोघांना वेगवेगळं बोलावलं. जून २०२४ पासून कायद्यात हे बंधन आलंय. लग्नाआधी सेलिब्रंटनं दोघांपैकी प्रत्येकाला एकट्याला, समोरासमोर भेटायचं आणि संमती खरी आहे याची खात्री करून घ्यायची. व्हिडिओ कॉलवर हे चालत नाही. त्या सार्वजनिक वाचनालयातल्या एका छोट्या खोलीत बसल्या होत्या. तो बाहेर पुस्तकं चाळत थांबला. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं: हे लग्न तुम्हाला स्वतःला हवंय का? कुणाचा दबाव आहे का, घरच्यांचा, पैशांचा, व्हिसाचा? लग्न म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय ना? नको असेल तर आत्ता सांगा, मी बाहेर कारण सांगणार नाही.

मी 'हो, हवंय' म्हटलं आणि रडायला आलं. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं खरंच काही दबाव आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. मग मला सांगावं लागलं की रडू का आलं. मागच्या वेळी मेंदी काढायला बायका आल्या होत्या, बांगड्या भरायला कासार आला होता, मापाला शिंपी आला होता. प्रत्येकानं काही ना काही विचारलं होतं, रंग, माप, नक्षी. हा प्रश्न तेवढा राहिला होता. त्या उठल्या, पाण्याचा पेला आणून दिला आणि आणखी दहा मिनिटं बसवून ठेवलं. कायद्याला एवढंच हवं असेल की त्यांनी भेटावं आणि खात्री करावी. त्यांनी त्याहून जास्त केलं.

आता विधी. इथल्या कायद्याला विधीतली फारच थोडी वाक्यं लागतात. सेलिब्रंटनं आधी सांगायचं की लग्न लावण्याचा मला कायद्यानं अधिकार आहे. मग लग्नाच्या गांभीर्याची आणि बंधनाची आठवण करून द्यायची. मग म्हणायचं की ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार लग्न म्हणजे दोन व्यक्तींचं, इतर सर्वांना वगळून, आपखुशीनं, जन्मभरासाठी एकत्र येणं. या बोलण्याला 'मॉनिटम' म्हणतात. हा लॅटिन शब्द, अर्थ इशारा, सावध करणं. त्यानंतर दोघांनी एकमेकांना उपस्थितांच्या साक्षीनं एकेक ठरावीक वाक्य म्हणायचं. अठरा वर्षांपुढचे दोन साक्षीदार लागतात. बाकी सगळं तुमचं.

'सावध करणं' ऐकल्यावर मी बाईंना म्हटलं, आमच्यातही आहे हे! आमच्या प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी सगळा मांडव 'सावधान' म्हणतो. आणि रामदासांची गोष्ट सांगितली, बोहल्यावर 'सावधान' ऐकून खरोखर सावध होऊन पळून गेलेल्या मुलाची. त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या माणसांच्या दृष्टीनं लग्न नेमकं कुठल्या क्षणी लागतं?" मी म्हटलं, अंतरपाट दूर होतो, शेवटच्या अक्षता पडतात, माळा घालतात, तेव्हा. आम्ही म्हणतोही 'लग्न लागलं' असंच. "कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही दोघांनी ती वाक्यं म्हटल्यावर," त्या म्हणाल्या. "हे दोन क्षण जवळ आणता येतील?"

यावर आम्ही तीन आठवडे घालवले, आणि ते तीन आठवडे मला फार आवडले. शेवटी क्रम असा ठरला. अंतरपाट धरलेला असताना मंगलाष्टका. शेवटच्या 'सावधान'नंतर अंतरपाट तसाच ठेवून बाईंनी मॉनिटम म्हणायचं, म्हणजे एका सावधानाला लागून दुसरं. मग अंतरपाट खाली, आम्ही समोरासमोर, आणि लगेच ती दोन वाक्यं. ती संपेपर्यंत लोकांनी अक्षता मुठीत धरून ठेवायच्या. मग एकदम सगळ्यांनी टाकायच्या, मग माळा. मराठी पाहुण्यांना हे दोनदा बजावलं, कारण 'सावधान' ऐकलं की आपला हात आपोआप सुटतो.

अक्षताही तांदळाच्या नव्हत्या. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परवान्यात तांदूळ आणि कागदाचे तुकडे उधळायला मनाई होती, पाकळ्या चालणार होत्या. होमही नाही. फेब्रुवारी म्हणजे इथे वणव्याचा हंगाम. उन्हाळ्यात ज्या दिवशी 'टोटल फायर बॅन' जाहीर होतो, त्या दिवशी उघड्यावर काडीही पेटवता येत नाही, आणि तो कधी लागेल ते महिनाभर आधी कुणाला माहीत असणार? म्हणून सप्तपदी अग्नीभोवती न करता नुसत्या सात राशींवरून करायची ठरली. चादरीवर तांदळाच्या सात छोट्या राशी, एकेक पाऊल, एकेक वचन. आई म्हणाली, "आमच्यात राशीच असतात की. पावलाखाली तांदूळ हवा, एवढंच." तिचा होकार आला आणि मी निवांत झाले.

साक्षीदार म्हणून मला आई हवी होती. आईला इंग्रजी समजतं ते दुकानापुरतं. साक्षीदाराला आपण कशाचे साक्षीदार आहोत ते कळलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं, आणि ते मला पटलं. कायद्यात दुभाष्याची सोय आहे. माझी एक मैत्रीण तयार झाली. तिनं आधी दोन्ही भाषा येतात असं प्रतिज्ञापत्र दिलं आणि विधीनंतर नीट भाषांतर केल्याचं लिहून दिलं.

भाषांतर मात्र बाबांनी केलं. मैत्रिणीनं मॉनिटमचा पहिला खर्डा आणला होता. त्यात 'टू द एक्स्क्लूजन ऑफ ऑल अदर्स'चं तिनं 'इतर सर्वांना वगळून' केलं होतं. बाबांना ते रुचलं नाही. "हे वाटणीपत्रातलं वाक्य वाटतं, भावाबहिणींना वगळल्यासारखं. 'दोघांत तिसरं कुणी नसताना' म्हण." आणि 'व्हॉलंटरिली'शी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी हजारो दस्तांच्या शेवटी जे लिहिलं तेच सांगितलं: "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मी जमिनीच्या तुकड्यासाठी लिहीत होतो. तुझ्या वेळी कुठं लिहिलं नाही."

त्यावर मी काही बोलले नाही. ते वाक्य तसंच्या तसं घेतलं.

२२ तारखेला ऊन होतं पण वारा फार. अंतरपाट, म्हणजे आजीचं जुनं पांढरं उपरणं, शिडासारखं फुगत होतं. एका टोकाला माझा मामेभाऊ, दुसऱ्या टोकाला नवऱ्याची बहीण. तिला पहिल्यांदा कळेना की इतकं उंच का धरायचं. मंगलाष्टका मैत्रिणींनी म्हटल्या. तिसऱ्याला एक काका चुकून पाकळ्या टाकून मोकळे झाले, काकूंनी स्वतःच्या मुठीतल्या अर्ध्या त्यांना दिल्या. शेवटचं 'सावधान' झालं आणि सगळे गप्प. बाई इंग्रजीत बोलल्या, आणि मागोमाग मैत्रिणीचा आवाज मराठीत. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, जन्मभरासाठी.' उपरण्याच्या पलीकडून तो दिसत नव्हता, फक्त त्याचे बूट दिसत होते, गवतावर रोवलेले. रामदास इथेच निघाले असणार, असं मनात आलं. मी थांबले. मला थांबायचं होतं.

उपरणं खाली आलं. मी ते वाक्य आधी इंग्रजीत म्हटलं, कायद्यासाठी, मग मराठीत, माझ्यासाठी. त्यानं इंग्रजीत म्हटलं, आणि मग मला न सांगता शिकलेलं मराठीत. 'साक्षीने'तला 'क्ष' त्याला नीट जमला.

सह्या एका घडीच्या टेबलावर झाल्या, कागद उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना तांब्याचे गडू. प्रमाणपत्रं तीन असतात. एक सरकारी नोंदणी खात्याकडे जायचं, एक सेलिब्रंटच्या दप्तरी राहायचं, एक आम्हाला. लग्नात काही कायदेशीर अडचण नाही याचं घोषणापत्र आम्ही आधीच सही करून दिलं होतं. पुढे चौदा दिवसांच्या आत सेलिब्रंटनं सगळे कागद व्हिक्टोरिया राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी खात्याकडे पाठवायचे असतात. आमच्या बाईंनी ते दोन दिवसांतच पाठवले. हे लक्षात ठेवा, की त्या दिवशी हातात मिळतं ते नक्षीदार प्रमाणपत्र पासपोर्ट किंवा नाव बदलण्यासारख्या सरकारी कामांना सहसा पुरत नाही. नोंदणी झाल्यावर खात्याकडून वेगळं प्रमाणपत्र पैसे भरून मागवावं लागतं.

आईनं तिन्ही ठिकाणी मराठीत सही केली. पेन धरल्यावर तिनं बाबांकडे पाहिलं, तिच्या सवयीनं, कुठे करू म्हणून. बाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात लोकांना सहीची जागा दाखवली, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. जागा बाईंनी दाखवली.

आमच्या प्रतीवर साक्षीदारांची नावं आहेत. जाण्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, तिची एक झेरॉक्स दे. तिच्या स्वतःच्या लग्नाची कुठेच नोंद नाही, नुसता एक काळा-पांढरा फोटो आहे. झेरॉक्स तिनं घडी न घालता साडीच्या बॉक्समध्ये सपाट ठेवली. मग बॉक्स परत उघडून विचारलं, "तो पहिला फॉर्म, ज्यावर माझं नाव आहे, जुनं, त्याची मिळेल का?"

माझ्याकडे त्याचा फोटो होता. आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तो छापून आणला.